आठवडा तलाव ठरवतो: नाशिकमध्ये राहून पहिल्या ट्रायथलॉनची तयारी

ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ, करायचं ठरलं की माणूस आधी सायकल बघायला जातो. मीही तेच केलं. तीन महिने सायकल दामटली, पळत तर आधीपासून होतेच, आणि पोहणं "लहानपणी शिकलोय की" म्हणून बाजूला ठेवलं. मग एका मंगळवारी तलावात उतरले. पंचवीस मीटर पलीकडच्या कठड्याला पोचेपर्यंत असा दम लागला की शेजारच्या लेनमधल्या सातवी-आठवीतल्या मुलीने विचारलं, "काकू, बऱ्या आहात ना?"

त्या काकूने पुढे जे उलटसुलट करून पाहिलं, त्यातून हा लेख झाला आहे. तुम्ही नोकरी किंवा धंदा करता, घरी माणसं आहेत, आणि आठवड्याला सहा-साडेसहा तासांपेक्षा जास्त वेळ निघणार नाही, असं धरून चालते.

आधी अंतर ठरवा

ट्रायथलॉन म्हटलं की नातेवाईक "म्हणजे ते आयर्नमॅन ना?" असं विचारतात. आयर्नमॅन हा ट्रायथलॉनचा सगळ्यात लांबचा प्रसिद्ध प्रकार. १९७८ साली हवाईत सुरू झालेला, ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर पळणं. त्याचं अर्धं म्हणजे १.९, ९० आणि २१.१, गोव्याला २०१९ पासून भरते ती ही. ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनीला जी आली ती १.५, ४० आणि १० ची. आणि त्याहून लहान स्प्रिंट: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं.

पहिली स्पर्धा स्प्रिंटचीच करा. मित्रांच्या ग्रुपमध्ये कुणी थेट गोव्याचं नाव नोंदवलं म्हणून आपणही नोंदवायचं, हा प्रकार मी दोन-तीनदा जवळून पाहिला आहे. त्यातल्या एकाचे पैसे गेले, एकाचा गुडघा. पळता येतं आणि सायकल चालवता येते अशा माणसाला पोहणं जमायला लागलं, की तिथून स्प्रिंटसाठी बारा ते सोळा आठवडे पुरतात. पोहायला अजिबात येत नसेल तर आधी दोन महिने फक्त शिकण्यात घालवा. ते दिवस या हिशेबात धरू नका.

चाळिशीच्या आसपास असाल, बीपी-शुगर असेल किंवा घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. यावर चर्चा नाही.

आठवडा कसा मांडायचा

बहुतेक जण वहीत सोमवार ते रविवार लिहितात आणि प्रत्येक वारापुढे काहीतरी भरत जातात. आठ दिवसांत वही बंद पडते, कारण तिन्ही खेळ सारखे लवचिक नसतात. पळणं मिठासारखं आहे, कुठेही टाका. बूट घातले, सोसायटीच्या गेटबाहेर पडलात की झालं. सायकलला उजेड लागतो आणि मोकळा रस्ता लागतो, म्हणजे पहाट किंवा रविवार. पण तलावाची बॅच ठरलेली. ती चुकली की त्या दिवसाचं पोहणं गेलं, संध्याकाळी "थोडं पोहून येते" असं होत नाही. म्हणून वहीत पहिल्यांदा तलाव लिहा, मग सायकल, आणि उरलेल्या फटींत पळणं.

आता तुमच्या तलावावर जाऊन फळ्यावरच्या वेळा उतरवून घ्या: सर्वांसाठीची बॅच कधी, महिलांची कधी, साप्ताहिक सुट्टी कोणती, पाणी बदलायला कधी बंद ठेवतात. महापालिकेच्या तलावावर कॅप आणि नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतोच, सुती टी-शर्टवर उतरू देत नाहीत. माझ्या तलावाची सुट्टी सोमवारी. म्हणून माझी विश्रांतीही सोमवारी, आणि रविवारच्या लांब सायकलनंतर ती अगदी हवीच असते. तुमची सुट्टी वेगळ्या वारी असेल तर खालचा आठवडा तेवढा सरकवून घ्या.

सोमवार: काही नाही. खरंच काही नाही.

मंगळवार: सकाळी पोहणं पाऊण तास, संध्याकाळी अर्धा तास निवांत पळणं.

बुधवार: पहाटे सायकल, तासभर.

गुरुवार: पोहणं पाऊण तास.

शुक्रवार: पळणं चाळीस मिनिटं.

शनिवार: पोहणं पाऊण तास, घरी आल्यावर वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम.

रविवार: लांब सायकल, आणि उतरल्या उतरल्या दहा-पंधरा मिनिटं पळणं.

पहिल्या आठवड्यात यातलं निम्मंच करा. तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं, चौथ्यात पुन्हा कमी करायचं, आणि मग पाचव्यात तिसऱ्याच्या जरा पुढून सुरू करायचं. उत्साह दुसऱ्याच आठवड्यात उतू जातो, त्याला झाकण घालायचं काम तुमचं.

पोहणं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

नाशिकच्या आसपासच्या गावांत वाढलेल्यांना पोहता येतं, पण ते विहिरीतलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामाने ढकललेलं. त्या पोहण्यात जीव वाचतो, डोकं पाण्यावर राहतं. ट्रायथलॉनला अडचण नेमकी त्या वर राहिलेल्या डोक्याची आहे. डोकं वर आलं की कंबर खाली जाते, पाय बुडतात, आणि मग आपण पाणी कापत नाही, पाणी ढकलत राहतो. पन्नास मीटरमध्ये खांदे भरून येतात ते त्यामुळे. नजर सरळ तळाच्या फरशीकडे ठेवा, मान सैल.

दुसरी चूक श्वासाची. माझ्या पंचवीस मीटरच्या फजितीनंतर तलावावरच्या सरांनी मला कठड्याला धरून उभं केलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही पाण्यात श्वास कोंडून ठेवताय. गरम चहावर फुंकर मारतो ना, तशी पाण्यात मारा. सगळी हवा पाण्यात संपली पाहिजे. वर आल्यावर फक्त घ्यायची." दहा मिनिटं मी कठड्याला धरून नुसत्या फुंकरा मारत होते. शेजारी मुलं हसत होती. पण दम हवा कमी पडल्यामुळे लागत नव्हता, आत जुनी हवा साठल्यामुळे लागत होता, हे त्या दहा मिनिटांत कळलं. श्वास घेताना आख्खं तोंड वर काढू नका. अंग थोडं कुशीवर वळवा, एक गॉगल पाण्यातच राहू द्या.

पाऊण तासात काय करायचं ते असं. पहिली आठ-दहा मिनिटं सावकाश. मग कसरती: एक हात पुढे ताणून दुसऱ्याने ओढणं, कुशीवर राहून पाय मारणं. त्यानंतर मुख्य काम. पहिले पंधरा दिवस १० वेळा २५ मीटर, प्रत्येक फेरीनंतर दम बसेपर्यंत थांबून. मग ६ वेळा ५०. मग ४ वेळा १००, मध्ये वीस-तीस सेकंद. मग ३ वेळा २००. बाराव्या आठवड्याच्या आसपास न थांबता ७५०, म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावात एकेरी ३० फेऱ्या. मोजताना चुकाल. मी कठड्यावर छोटे खडे ठेवते, प्रत्येक शंभराला एक सरकवते.

पाय धबाधबा मारू नका. ते पुढे सायकलला आणि पळायला लागणार आहेत. पाय फक्त शरीर आडवं ठेवण्यापुरते हलले तरी चालतं, ओढायचं काम हातांचं.

स्पर्धेत तळाला निळी रेघ नसते. म्हणून शेवटच्या महिन्यात दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे नुसते डोळे पाण्याबाहेर काढून समोर बघायची सवय लावा. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ धरा. मोकळ्या पाण्याचा सराव हवा, हे खरं. पण त्यासाठी गंगापूर धरणावर किंवा सोमेश्वरच्या डोहात मनाने उतरू नका. धरण शहराच्या पिण्याच्या पाण्याचं आहे, आणि सोमेश्वरला पात्रात खडक आहेत, पाण्याला ओढ आहे. पावसाळ्यात वरून विसर्ग सुरू झाला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे बघत आख्खं गाव गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, उभं असतं. तेव्हा तर काठालाही जाऊ नये. ज्या स्पर्धेला जाणार तिथे आदल्या दिवशी आयोजक सराव ठेवतात का ते विचारा, किंवा परवानगी, होडी आणि जीवरक्षक असलेल्या गटाबरोबरच जा. कमरेला बांधायचा फुगा लावूनच.

सायकल: रस्ता, वारा आणि बारीक तोंडाची ट्यूब

पहिल्या स्पर्धेला घरात असेल ती गिअरची सायकल चालते. सीटची उंची मात्र बरोबर हवी. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल खाली गेल्यावर पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर आला की गुडघ्यात थोडा वाक आपोआप राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढे दुखतं, फार वर असेल तर मागे.

बुधवारी गंगापूर रोडने बाहेर पडायचं. दहा मिनिटं हलकं, मग चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं सावकाश असं चार वेळा, मग घरी. जड गिअर टाकून मांड्या जाळणं म्हणजे व्यायाम, असा नव्या माणसाचा समज असतो. उलट करा. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा. वीस-बावीस यायला हवा, म्हणजे मिनिटाला ८० ते ९०. कमी येत असेल तर गिअर हलका करा. पळायला उतरल्यावर पाय तुमचे आभार मानतील.

रविवारी दोन रस्ते. गिरणारेपर्यंत जाऊन परत, तीस-पस्तीस किलोमीटर होतात. आणि जमायला लागलं की त्र्यंबक रोड: सातपूर सोडलं की महिरावणी, मग अंजनेरी, मग त्र्यंबकेश्वर, एका बाजूने साधारण २८ किलोमीटर. जाताना जाणवेल न जाणवेल असा चढ आहे, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे तोंडावर. अंजनेरीपर्यंत वाटतं आपल्यात जीवच नाही. परतीला तोच वारा पाठीत घालतो आणि वाटतं आपण फारच तयार झालो. दोन्ही खोटं. वेळ बघायची तर जाऊन-येऊन दोन्हींची एकत्र बघा. श्रावणातल्या सोमवारी आणि त्याच्या आदल्या रविवारी त्र्यंबक रोड वर्ज्य. २०२७ च्या सिंहस्थाची कामं जिथे चालू असतील तिथे खडीवरून जोरात वळू नका.

दिंडोरी रोडलाही लोक जातात. ऑक्टोबर छाटणीनंतर त्या बाजूला सकाळी द्राक्षबागांत ब्लोअरने फवारणी चाललेली असते. वाऱ्याच्या खालच्या बाजूला असाल तर रुमाल बांधा आणि तेवढा टप्पा सावकाश काढा, तोंड उघडं टाकून धापा टाकायची ती जागा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये क्रेट भरलेले ट्रॅक्टर येतात, त्यांना वळताना आरसा नसतो असं समजून चाला.

आता ट्यूब. महिरावणीच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. सुटी ट्यूब नव्हती. अर्धा किलोमीटर सायकल ढकलत एका पंक्चरवाल्यापाशी पोचले. त्याने पंक्चर मिनिटात काढलं, पण हवा भरायला गेला आणि व्हॉल्व्ह बोटांत फिरवत बसला. "ताई, याचं तोंड बारीक आहे. माझा पाइप बसत नाही." रस्त्याच्या सायकलींना बारीक, प्रेस्टा जातीचा व्हॉल्व्ह असतो, त्यावर पितळेची एक बोंडाएवढी टोपी चढवली की मोटरसायकलचा पाइप बसतो. ती टोपी माझ्याकडे घरी होती, खणात. शेवटी दुधाच्या टेम्पोतून सातपूरला आले. तेव्हापासून सीटखालच्या पिशवीत: एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, ती पितळी टोपी आणि शंभराची नोट. ट्यूब बदलायचा सराव घरी हॉलमध्ये तीनदा करा, तिसऱ्यांदा मागच्या चाकाचा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायला विसरू नका, नाहीतर दुसरी ट्यूबही तिथेच जाते.

नाशिकला सायकल नवी नाही. इथले डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, यांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर. त्यामुळे पहाटे रस्त्यावर सोबत मिळते. पण सोबतीचा एक तोटा आहे, तो पुढे.

वीट आणि मिसळ

सायकलवरून उतरून लगेच पळण्याच्या सरावाला ब्रिक म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट, आणि पहिल्या दोन मिनिटांत पायांना तेच झालेलं असतं. मांड्या आपल्या नाहीत असं वाटतं, पावलं आखूड पडतात. घाबरायचं नाही, पाच-सात मिनिटांत पाय सुटतात. ते सुटतात हे शरीराला माहीत व्हावं, एवढ्याचसाठी दर रविवारी दहा मिनिटं पळायचं. वेग बघू नका.

अडचण मिसळीची. ग्रुपची प्रत्येक रविवारची राइड मिसळीवर संपते. तर्री, पापड, दोन पाव, वर दही, वर चहा. त्यानंतर कुणी पळत नाही, पळूही नये. सलग सात रविवार माझी वीट अशी मिसळीत बुडाली. शेवटी तोड काढली: राइड घरापाशीच संपवायची, बूट पार्किंगमध्ये तयार ठेवायचे, दहा मिनिटं पळायचं, मग घरच्यांना घेऊन मिसळीला जायचं. घरचेही खूश, कारण रविवारची सकाळ त्यांच्याही वाट्याला आली.

पळणं

नाशिकची पळण्याची वंशावळ मोठी आहे. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ घेऊन आली, ती याच जिल्ह्यातली. पण तुम्हाला हळू पळायचं आहे, आणि ते वाटतं त्याहून अवघड आहे. कसोटी अशी: बरोबरच्या माणसाला काल आमटीला फोडणी कशाची दिली हे न तुटता, पूर्ण वाक्यात सांगता आलं पाहिजे. "हिंग... मोहरी..." असं तुटक यायला लागलं की वेग कमी करा. मंगळवारचं सगळं पळणं असंच.

शुक्रवारी तेवढे शेवटी सहा वेळा वीस-वीस सेकंद मोकळं, झपाझप पळा, मध्ये चालत दम घ्या. गोल्फ क्लबचा किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक धरा, काँक्रीटपेक्षा पायांना सोसतो. नडगी दुखायला लागली तर दोन-चार दिवस पळणं बंद, सायकल आणि पोहणं चालू. तीन खेळ असण्याचा हा फायदा आहे, घ्या तो.

ताकदीच्या व्यायामाबद्दल फार लिहीत नाही: बैठका, टाचा उचलणं, प्लँक, पालथं झोपून हात-पाय उचलणं. वीस मिनिटं. कंटाळवाणं आहे, पण करा.

खाणं-पिणं

तासाभराच्या आतल्या सरावाला वेगळं काही लागत नाही. केळं आणि अर्धा कप चहा. तासापलीकडे गेलात की दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट आणि साधारण अर्धा लिटर पाणी पोटात जायला हवं. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतं. राजगिऱ्याची चिक्की, खजूर, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, सगळं चालतं. महागडी एनर्जी जेल घ्यायचीच असली तर स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका, पोट बिघडवायला तीच निवड पुरते.

ऋतू

मला विचाराल तर सुरुवात जूनमध्ये करा. मे महिन्यात तलावात सुट्टीच्या शिबिरांची इतकी पोरं असतात की हात टाकायला जागा नसते. शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला की लेन रिकाम्या होतात. तेव्हा पोहणं पक्कं करून घ्या. पावसात सायकल कमी. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, आणि डबक्याखाली खड्डा किती खोल ते दिसत नाही. ऑक्टोबरपासून रस्ते तुमचे. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो, तलावाचं पाणी बर्फ, बॅचमध्ये चार-पाच डोकी. पहिल्या दोन फेऱ्या शिव्या देत काढायच्या. बाहेर आल्यावर कानटोपी लगेच घाला.

स्पर्धेआधीचे पंधरा दिवस

सराव निम्म्यावर आणा, आणि वाचलेल्या वेळात कपडे बदलायचा सराव करा. पाण्यातून सायकलवर, सायकलवरून पळण्यावर जाण्याची जागा, म्हणजे ट्रान्झिशन, हा चौथा खेळच आहे. मी पार्किंगमध्ये टॉवेल अंथरला, त्यावर ओळीने हेल्मेट, गॉगल, बूट, मोजे, नंबरचा पट्टा. बादलीत पाय बुडवून पळत यायचं आणि घालायला लागायचं. आमच्या वॉचमनकाकांनी तीन दिवस बघितलं, चौथ्या दिवशी मोबाइलवर सेकंद लावून द्यायला लागले.

एक नियम जिभेवर ठेवा: हेल्मेटचा पट्टा आधी, सायकलला हात नंतर. उतरल्यावर सायकल जागेवर लावली की मगच पट्टा सोडायचा. यात चुकलात तर दंड होतो किंवा बाद ठरवतात. सायकल रेषेच्या पुढे गेल्याशिवाय चढायचं नाही, परतताना रेषेच्या अलीकडे उतरायचं. हौशी गटात सहसा दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायलाही मनाई असते. ग्रुपमध्ये चालवायची सवय असलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

आणि दिवस बुडाला तर

बुडेलच. पाहुणे येतील, ऑडिट येईल, मुलाला ताप येईल. बुडालेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायचा नाही, तो गेला. दोन-तीन दिवस बुडणार हे आधीच दिसत असेल तर काय सोडायचं याचा क्रम ठेवा: आधी शनिवारचे व्यायाम सोडा, मग मंगळवारचं पळणं, मग बुधवारची सायकल. रविवारची सायकल आणि आठवड्याची दोन पोहणी शेवटपर्यंत धरा.

वही पेन्सिलने लिहा. मागच्याच महिन्यात तलावाच्या फळ्यावर खडूने नवी वेळ आली, महिलांची बॅच पाऊण तासाने पुढे. ऑफिसची बस चुकणार म्हणून मंगळवार-गुरुवार खोडले, पोहणं बुधवार-शुक्रवारवर टाकलं, सायकल मंगळवारी आणली. बुधवारी-शुक्रवारी आता मी बसऐवजी गाडीने जाते, ओल्या कॅपची पिशवी डिकीत टाकून.